उन्हाचा डबा

आमच्या टाकळगव्हाणात सरकारी योजना येते तेव्हा आधी वाट चुकते, मग फाट्यावर चहा पिते आणि मुदत संपल्यावर गावात शिरते. २०३७ च्या जानेवारीत आलेली योजना मात्र वेळेवर आली. त्यामुळे गाव बेसावध सापडलं.

योजनेचं नाव ‘आपली पांढरी, आपला इतिहास’. पांढरी म्हणजे प्रवरेच्या काठचं आमचं टेकाड. कधीकाळी तिथं गाव होतं, ते पडलं. त्यावर दुसरं बसलं, तेही पडलं. असं गावावर गाव पडून तिथली माती पांढुरकी झाली. आमच्या वाडवडिलांनी ती घरं लिंपायला आणि शेतात टाकायला गाड्या भरभरून नेली. म्हणजे इतिहासात आमचा लोकसहभाग आधीपासूनच होता. सरकारचं म्हणणं एवढंच, की तो आता जरा शिस्तीत व्हावा. एका घराला एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा एक चौकोन. आठवडाभर प्रशिक्षण. एक खुरपी, एक ब्रश आणि एक टोपी. टोपीसाठी एकशे सहा नावं आली.

मी नाव दिलं नाही. मी एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी घाटात पंक्चर होऊन उभी असताना “थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर लागत आहे” असं भोंग्यावरून सांगणारा तो मीच. याला खोटं म्हणू नये. प्रवासी शांत बसून राहायचे, शेंगा खायचे, आणि गाडी शेवटी यायचीच. गाव मला अजून कंट्रोलर म्हणतं. प्रल्हाद कुऱ्हे हे नाव आता फक्त मतदार यादीला माहीत आहे.

नाव दिलं ते आमच्या मंदानं. तेही सगळ्यांच्या आधी.

“या वयात माती उकरायची?” मी विचारलं.

“या वयात दुसरं काय करायचं? टोपी तुम्ही घाला. मला पदर आहे.”

योजनेबरोबर एक यंत्र आलं आणि पुरातत्त्वाची डॉक्टर सानिका ओहोळ आली. यंत्र शिलाई मशीनच्या खोक्याएवढं होतं. सानिका तिशीची, किडकिडीत, आणि रागावली की जास्तच गोड बोलणारी. यंत्राचं सरकारी नाव पाटीवर दोन ओळींत मावत नव्हतं, म्हणून गावानं त्याला ‘उन्हाचा डबा’ म्हणायला सुरुवात केली. आठवड्याभरात सानिकाही तेच म्हणू लागली.

पहिल्या सभेत तिनं डबा समजावून सांगितला. “असं समजा, मातीतला वाळूचा प्रत्येक कण म्हणजे न्हाणीतली बादली. कण मातीखाली अंधारात असला की आजूबाजूच्या दगडमातीतला किरणोत्सार त्यात थेंब थेंब साठत राहतो. फार सावकाश, पण थांबत नाही. कणाला ऊन लागलं की बादली उपडी, सगळं सांडलं. पुन्हा मातीखाली गेला की पुन्हा थेंब थेंब. डब्यात आपण कणावर एक ठरावीक प्रकाश टाकतो. त्यानं साठलेलं सगळं उजेड होऊन बाहेर पडतं. तो उजेड मोजला, की बादली किती भरली होती ते कळतं. म्हणजेच त्या कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते कळतं.”

पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा लागायची, महिने जायचे. हा नवा डबा हजार कण सुटे सुटे मोजायचा, चाळीस मिनिटांत. हजारो वर्षांच्या मातीत शंभरएक वर्षांची चूक, आणि अलीकडच्या मातीत तर जेमतेम चार-सहा महिन्यांची.

बचत गटाच्या अलकाबाईंनी विचारलं, “म्हणजे माती सांगती, मला कवा गाडलं?”

“अगदी बरोबर, मावशी.”

मंदा पुढच्या रांगेत होती. ती म्हणाली, “आणि ज्यानं ऊन नीट बघितलंच नाही, त्याचं काय?”

सानिका तिच्याकडे वळली. “त्याची बादली रिकामीच झालेली नसते, मावशी. नवं जुन्यात मिसळत राहतं. ते वाचायला फार अवघड.”

प्रश्न हुशारीचा म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चष्मा सारखा केला.

पहिल्याच आठवड्यात गावानं डब्याला हरवलं. पश्चिमेकडच्या चाळीस चौकोनांतून नमुने निघाले. नमुना घ्यायची रीत अशी, की पोलादी नळी मातीत ठोकायची, तशीच बाहेर काढून दोन्ही तोंडांना काळं झाकण लावायचं. पण नळ्यांतली माती निघाली ओलसर, आणि दिवस होते कुरडया-सांडग्यांची तयारी सुरू होण्याचे. सरकारी वस्तू ओली परत करायची म्हणजे गावाची अब्रू. बचत गटानं चाळीसही नळ्या रिकाम्या केल्या, शाळेच्या गच्चीवर धुतलेल्या लुगड्यांवर माती पसरली, कावळे येऊ नयेत म्हणून पाळीनं राखण केली आणि छान खडखडीत वाळवून नळ्या पुन्हा भरून दिल्या. वर प्रत्येक नळीला हळदीकुंकू लावलं.

डब्यानं चाळीस वेळा एकच उत्तर दिलं. टाकळगव्हाण हे गाव गेल्या मंगळवारी वसलं.

सानिका इतकं गोड बोलली, की अलकाबाईंना रडू आलं. मग पुण्याच्या कचेरीतून नवा नियम आला. ज्या नमुन्याला ऊन लागलं तो बाद, आणि नमुना बाद तो चौकोनही बंद. खणायचा नाही, माती लोटून सपाट करायचा, पुन्हा कधी उघडायचा नाही. पश्चिमेकडचे चाळीस चौकोन असे कायमचे झाकले गेले.

मग पूर्वेकडचे चौकोन चिठ्ठ्या टाकून वाटले. मंदाला सतरा नंबर आला.

सतरा कुठं आहे ते मला नकाशा न बघता ठाऊक होतं. टेकाडाच्या पूर्व उतारावर, हिवराच्या झाडापासून नऊ पावलं.

हे आता सांगायलाच हवं. अडतीस वर्षांपूर्वी श्रावणात आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव रेवती ठेवलं. तेवीस दिवस होती. ते तेवीस दिवस असा पाऊस, की आभाळ एकदाही उघडलं नाही. मंदा रोज तिला न्हाऊ घालून दारात घेऊन बसायची. “कोवळं ऊन पडू दे गं जरा, अंगाला लागू दे,” असं म्हणत वाट बघायची. ऊन पडलं नाही. चोविसाव्या दिवशी पोर गेली. ताप होता, आणि नदीला पूर असल्यानं तालुक्याला जाता आलं नव्हतं.

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पण गावची पुरायची जागा पाण्याखाली होती. उंच कोरडी जागा एकच, पांढरी. आप्पाकाका, म्हणजे माझे चुलते, आणि मी, दोघंच गेलो. दिवस मावळत होता. पाऊस होता. पाठीमागून खडेमीठ घेऊन आप्पाकाका चालत होते. परत येताना ते म्हणाले, “परल्हाद, हितं पुरली हे मंदीला सांगायचं नाही. जागा कळली, तर बाई जन्मभर तिथंच बसून राहील. नदीला दिली म्हण. नदीला जागा नसती.”

मी तसं म्हणालो. मला सवय होती. गाडी थोड्याच वेळात लागत आहे.

तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला मंदा नदीवर जाते. द्रोणात वात ठेवून सोडते. द्रोण वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाण्यात उभी राहते. आणि मी काठावर तिच्या चपला हातात धरून उभा असतो. अडतीस वर्षांत चपलांचे वीसेक जोड झाले असतील. आम्हाला दुसरं मूल झालं नाही.

तर चौकोन सतरा. मी आधी साप निघाल्याचं सांगितलं. मंदा म्हणाली, “निघू दे. त्याचंही जुनं घर असेल.” मग विजेची तार जवळ असल्याचा अर्ज केला. सानिकानं टेप लावून मोजलं आणि मला शाबासकी दिली, की काका किती बारीक लक्ष ठेवता! मग अलकाबाईंना बावीस नंबरच्या बदल्यात सतरा घ्यायला सुचवलं. अलकाबाई तयार झाल्या, मंदा नाही झाली. “चिठ्ठीनं दिलंय ते बदलू नये,” म्हणाली. शेवटी मी स्वतःच टोपी घातली आणि चौकोन सतराचा सहायक झालो. खड्ड्यावर नजर ठेवता यावी म्हणून. गावानं माझं जाहीर कौतुक केलं.

खरं सांगायचं, तर ते पंधरा दिवस आमच्या संसारातले बरे दिवस होते. सकाळी भाकरी बांधून आम्ही टेकाडावर जायचो. मंदा गुडघ्याखाली पोतं घेऊन खुरपीनं नखाएवढी माती काढायची, मी चाळायचो. खापरं निघायची. तांबडी, वर काळ्या रेघा काढलेली. मंदा एकेक खापर पदरानं पुसायची आणि ते रंगवणाऱ्या बाईबद्दल बोलायची. “ही रेघ बघा, वाकडी गेली. पोर रडलं असेल मधेच.”

“किंवा नवरा बोलला असेल,” मी म्हणायचो.

“नवरे तेव्हाही बोलायचे का?”

दोन वितींखाली दोन रांजण लागले. आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. सानिका धावत आली, पोटावर झोपली आणि ब्रशनं तासभर माती झाडत राहिली. मग उठून बसली. तिचा आवाज बदलला होता.

“मावशी, हे लहान बाळ आहे. बत्तीसशे वर्षांपूर्वीचं. त्या काळी बाळ गेलं, की असे दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे.”

“घरात?”

“हो. हे बघा ना, वर सारवलेली जमीन आहे. त्यावर पुन्हा चूल आहे. बाळाला घराबाहेर नेत नसत.”

मंदानं चुलीच्या जळक्या मातीवर हात टेकला. मग म्हणाली, “म्हणजे आईला ठाऊक असायचं.”

“तिच्या पायाखालीच की, मावशी.”

मी चाळणी हलवत राहिलो. चाळणीत काहीच नव्हतं.

“आणि आता हे बाळ कुठं जाणार?” मंदानं विचारलं.

“पुण्याला. खोक्यात, नंबर घालून. अभ्यासाला.”

“आईला सोडून,” मंदा म्हणाली.

शुक्रवारी चौकोनाच्या चारी कोपऱ्यांत नळ्या ठोकायच्या होत्या. हाही नियमच. तीन कोपरे ठोकले. चौथा ठोकताना माझा हातोडा दोनदा निसटला. सानिका म्हणाली, “काका, द्या इकडे,” आणि तिनं ठोकला.

काळ्या पिशवीत हात घालून तिनं नळीतली निम्मी माती डब्यात भरली. चाळीस मिनिटं आम्ही हिवराखाली शेंगा खात बसलो. मग डब्यावर आकडे आले, आणि सानिका भुवया जवळ आणून वाचू लागली.

“गंमत आहे. इथं दोन थर नाहीत, दोन प्रकारचे कण एकमेकांत मिसळलेत. निम्मे कण जुनेच, तीन हजार वर्षं ऊन न पाहिलेले. निम्म्यांनी शेवटचा उजेड पाहिला अडतीस वर्षांपूर्वी. चार-सहा महिने इकडेतिकडे.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी पुढं म्हणाली, “म्हणजे कुणीतरी खड्डा घेतलाय. लहान. पण उन्हात नाही. उन्हात घेतला असता, तर सगळे कण रिकामे झाले असते. माती ओली असणार, ढेकळं तशीच वर काढून तशीच परत लोटलेली. उजेड अगदी कमी. पावसाळा, संध्याकाळ, आणि घाई.” मग मान वर करून हसली. “कुणाचं कुत्रं-बित्रं असेल. पण शंभर वर्षांच्या आतला खड्डा उघडावाच लागतो. पोलीस पाटलांसमोर, फोटो काढून, पंचनामा करून. सोमवारी सकाळी उरलेल्या मातीची पक्की मोजणी करू, आणि लगेच उघडू.”

मी एकतीस वर्षं गाड्यांची खोटी वेळ सांगितली, पण एवढी अचूक वेळ कुणी कधी मला सांगितली नव्हती.

मंदा माझ्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

चौथी नळी आमच्याच घरी ठेवायची होती. लोकसहभाग म्हणजे नमुन्याची राखणही लोकांचीच. ती पदराखाली धरून मंदा पुढं चालत होती. पाणंदीत ती थांबली.

“त्या दिवशी नदीला पूर होता ना हो?”

“होता.”

“एवढा, की गाडी जात नव्हती.”

“हो.”

“मग तुम्ही काठापर्यंत गेलात कसे?”

माझ्याजवळ अशा वेळी एखादा विनोद असतो. तेव्हा नव्हता. मी सांगितलं. आप्पाकाका, खडेमीठ, हिवरापासून नऊ पावलं, सगळं. सांगायला चार मिनिटं लागली.

ती रडली नाही. म्हणाली, “अडतीस वर्षं मी नदीला हाका मारल्या. आणि तुम्ही चपला धरून उभे.”

“हो.”

“कशात गुंडाळली होती?”

“तुझ्या हिरव्या लुगड्याच्या पदरात.”

“डोकं कुणीकडं?”

“घराकडं,” मी म्हणालो. आणि हे खरं होतं.

शनिवारी घरात फक्त भांडी बोलली. मी दोनदा चहा केला, दोनदा मीच प्यालो. दुपारी तिनं जुनी पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी हात घालून बराच वेळ काही शोधत बसली. मी म्हणालो, “मंदा, सानिकाला खरं सांगू का? ती भली आहे. पाटलांना दूर ठेवून उघडेल. तुला बघायचं असेल तर...”

“काय बघायचंय?” ती पेटीतच बघत म्हणाली. “तेवीस दिवस बघितलीय मी तिला. तुम्ही विसरला असाल. नंबर घालून खोक्यात नाही न्यायची तिला.”

रविवारी सकाळी सातला मी अंगणात आलो, तर ती भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसली होती. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालायला बायका बसतात तशी. पायांवर एक विटकं दुपटं अंथरलेलं, पिवळ्या किनारीचं. ते मी अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दुपट्यावर चौथ्या नळीतली माती पातळ पसरलेली होती. माघाचं ऊन नुकतंच पडवीवरून अंगणात उतरत होतं.

नियम तिला माझ्याहून जास्त पाठ होता. ऊन लागलं की नमुना बाद, नमुना बाद की चौकोन बंद, आणि बंद चौकोन पुन्हा कधी उघडायचा नाही. पण ती नियमाचा विचार करत होती असं मला वाटत नाही. तिच्या बोटाचं टोक मातीतून अगदी हळू फिरत होतं. खालचे कण वर, वरचे खाली. तेल लावताना पाठीवरून फिरतं तसं. ओठ हलत होते. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

“आता पाठ. हां. आता या कुशीवर. बास, झालंच.”

साडेआठला ऊन तापू लागलं, तशी तिनं मातीवर पदराची सावली धरली. तान्ह्या पोराला तापलेलं ऊन सोसत नाही. मग दुपटं चारी बाजूंनी उचलून माती नळीत भरली आणि झाकण लावलं.

सोमवारी सकाळी टेकाडावर पोलीस पाटील कॅमेरा घेऊन आले, सरपंच आले. पंचनामा म्हटल्यावर अर्धं गाव आलं. सानिकानं नळी काळ्या पिशवीत उघडली. चाळीस मिनिटं गेली. मी बसथांब्यावरच्या प्रवाशासारखा उभा होतो. गाडी येऊ नये म्हणून वाट बघणारा पहिलाच प्रवासी.

सानिका आकड्यांकडे बघत राहिली. मग मंदाकडे.

“मावशी, पुन्हा वाळवण?”

“हो बाई,” मंदा म्हणाली. “हाताला सवय.”

लोक हसले. अलकाबाई मोठ्यानं म्हणाल्या, “आम्हालाच नावं ठेवत होते!” पाटलांनी तलवार म्यानात घालावी तसा कॅमेरा खिशात घातला.

सानिका हसली नाही. ती डबा घेऊन आमच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “बचत गटाच्या नमुन्यांत थोडे कण तरी जुने राहिले होते. ढेकळाखाली, लुगड्याच्या घडीत. यात एकही नाही. हजारच्या हजार रिकामे. अगदी ताजं ऊन. हे वाळत घातलेलं नाही, मावशी. कुणीतरी तासभर तरी कण न् कण फिरवत बसलं होतं.”

सानिकानं आधी मंदाच्या हातांकडे बघितलं, मग माझ्या. त्यानंतर त्या कोपऱ्याकडे. शुक्रवारी स्वतःच वाचून दाखवलेलं तिला आठवलं असावं. लहान खड्डा, पावसाळा, संध्याकाळ. तिचे डोळे भरले, आणि ती एकदम कडक आवाजात सगळ्यांना म्हणाली, “नमुना बाद. चौकोन सतरा बंद. रांजण नोंदवून झालेत, तेही आहेत तिथंच राहू देत. माती लोटा.”

पुण्याहून नंतर तिला दोन रांजण जागच्या जागी का सोडले म्हणून विचारणा झाली. तिनं लोकसहभाग असं उत्तर पाठवलं. त्या शब्दापुढं कोणत्याही कचेरीचं काही चालत नाही.

माती आम्ही दोघांनीच लोटली. मी फावड्यानं, मंदा हातांनी. शेवटी तिनं नळीतली मूठभर उबदार माती चौथ्या कोपऱ्यात ओतली आणि तळव्यानं थोपटली. गाव खाली उतरलं. डबा घेऊन सानिका उतरली. उतारावर हिवराची विरळ सावली होती, आणि त्यापलीकडे स्वच्छ ऊन.

मंदानं चपला काढल्या आणि कोपऱ्याच्या अंगाला, मोकळ्या मातीवर, पाय लांब सोडून बसली. अगदी आप्पाकाका म्हणाले होते तशी.

मी वाकून तिच्या चपला उचलल्या आणि मागं सरून उभा राहिलो.

“ठेवा त्या खाली,” ती म्हणाली.

मी ठेवल्या.

“बसा.”

मी बसलो.